आसगाववरून गेलेलं रिकामं विमान

बाबा, यंदाच्या हिवाळ्यात एक विमान आसगाववरून गेलं, आपल्या धानाच्या बांध्यांच्या बरोबर वरून, आणि त्यात कोणी नव्हतं. बसणारे नव्हते, चालवणाराही नव्हता. विमान सैन्याचं होतं, लांब पंखांचं, आकाराने चांगलं मोठं. त्याचा वैमानिक फार दूरच्या एका तळावर खोलीत बसून ते चालवत होता, आणि मी नागपुरात दुसऱ्या एका खोलीत बसून त्याच्याशी बोलत होते. हे तुम्हाला सांगायचं म्हणून किती दिवस मनात घोळवत होते. घरात सगळ्यांना सांगून झालं, पण ज्याला सांगितल्यावर सांगितल्यासारखं वाटेल, तो माणूस राहिलाच होता.

तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे माझं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. तुम्ही साकोलीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतात. माझ्या हुद्द्यातही तेच दोन शब्द आहेत, फक्त त्यांच्याआधी 'हवाई' लागलंय. नोकरीचा कागद आला तेव्हा मी तो आईला वाचून दाखवला. तिने पदराने हात पुसले, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "म्हंजे तुह्या बाबाचीच नोकरी. त्याइले पंखा होता, तुले एसी भेटन." मी पडद्यासमोर बसते. आपल्या भागावरून जाणारी विमानं त्या पडद्यावर ठिपक्यांसारखी सरकतात, प्रत्येकाला एक चिठ्ठी चिकटलेली असते, त्यावर त्याचं नाव, उंची, वेग. दोन ठिपके एकमेकांच्या फार जवळ येऊ द्यायचे नाहीत, एवढंच काम. खिडकी नाही, आकाश दिसत नाही. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. तुम्हाला वाटलं नसतं, कारण तुमच्या केबिनमधूनही गाड्या कुठे दिसायच्या? समोर उसाच्या रसाची गाडी आणि भिंत. गाड्या तुम्हाला आवाजावरून कळायच्या.

ते दिवस अजून डोळ्यांसमोर आहेत: शाळा सुटली की मी त्या केबिनमध्ये येऊन बसते. तुमची पाळी संपेपर्यंत तिथेच अभ्यास, मग दोघं मिळून लाखनीच्या गाडीने घरी. माइकचं बटण दाबण्याआधी तुम्ही घसा साफ करता आणि तुमचा आवाज बदलतो. घरी 'हाये', 'नाही न वो' असं बोलणारे तुम्ही माइकवर एकदम पुस्तकातलं बोलू लागता: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." मला तेव्हा हसू येतं. आता मीही तेच करते. दिवसभर कानाला लावलेल्या यंत्रात ठरावीक इंग्रजी, आणि जेवणाच्या सुट्टीत लाखनीचा कोणी भेटला की पुन्हा 'काय करून राहिला बे'.

त्या केबिनमधला एक दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. भाद्रपद असावा. वरच्या अंगाला खूप पाऊस झालाय आणि चुलबंदी नदीच्या पुलावर पाणी चढलंय. लाखांदूरकडून येणारी गाडी आलेली नाही. तिच्यातच परतीचे लोक जाणार, त्यामुळे फलाटावर गर्दी वाढत चाललीय. बाजार करून निघालेल्या बाया, शाळेची मुलं, एक नवं लग्न झालेलं जोडपं. तेव्हा प्रत्येकाच्या हाती फोन नव्हते. गाडी पलीकडच्या काठावर थांबली की वाटेतच अडकली की आणखी काही, कोणालाच कळायला मार्ग नव्हता. लोक केबिनच्या जाळीशी येऊन ओरडू लागले. तेवढ्यात तुमचे साहेब आत आले, पावसाने भिजलेले, वैतागलेले. ते म्हणाले, "अहो, सांगून टाका थोड्या वेळात येत आहे म्हणून. लोक शांत बसतील."

तुम्ही उभे राहिलात. साहेबांसमोर तुम्ही नेहमी उभेच राहायचात. पण म्हणालात, "गाडी कुठं हाये, मले माहीत नाही, साहेब. येऊन राहिली असं कसं सांगू?"

साहेब म्हणाले की ते तुमचं तुम्ही पाहा, आणि दार आपटून गेले. तुम्ही घसा साफ केलात, बटण दाबलंत आणि त्या पुस्तकी आवाजात सांगितलंत: लाखांदूरची गाडी कुठे आहे हे आम्हाला माहीत नाही. पुलावर पाणी आहे. ज्यांची दुसरी सोय होऊ शकते त्यांनी ती करावी. कळेल तसं सांगू. आणि मग जो गोंधळ झाला! कोणी म्हणालं, माहीत नाही तर पगार कशाचा घेता. कोणीतरी जाळीवर चप्पल मारली. मी टेबलाखाली पाय घेऊन बसले होते आणि मला तुमची लाज वाटत होती. पुन्हा थोड्या वेळाने तुम्ही बटण दाबलंत: अजून काही कळलेलं नाही. पुन्हा थोड्या वेळाने तेच. हळूहळू लोक हलायला लागले. कोणी नातेवाइकाकडे गेलं, शाळेची मुलं मास्तरांनी शाळेतच नेऊन झोपवली, नव्या जोडप्याला कोण्या दुकानदाराने घरी नेलं. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली, पलीकडच्या गावात रात्रभर सुखरूप उभी होती. कोणी तुमचे आभार मानले नाहीत. साहेबांनी उलट लेखी जाब मागितला.

गाडी आली नव्हती त्याच रात्री, घरी चुलीपुढे जेवताना, मी विचारलं, "बाबा, येते म्हणून सांगतलं असतं तं काय झालं असतं? लोकं गुपचूप तरी बसले असते."

तुम्ही कधी आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशी चढवलात. ताट पुढे सरकवलंत. "अन् नाही आली तं? त्या बायानं लेकरू घेऊन रात्रभर फलाटावर बसाचं, माह्या बोलन्यापाई? मले वाटते आन् मले माहीत हाये, या दोन अलग गोष्टी हायेत, पोरी. वाटते ते घरी बोलाचं. माइकवर माहीत हाये तेच बोलाचं. आन् माहीत नसन तं तेबी बोलाचं, गप नाही राहाचं." आई मध्ये पडली, "लेकराले काहून बोलता जी, जेवू द्या." तुम्ही जेवलात आणि उठून अंगणात जाऊन बसलात. मला वाटत होतं मी साधा प्रश्न विचारला. आज समजतं की दिवसभर सगळं गाव बोललं ते तुम्ही सोसलं होतं, आणि घरचं माणूसही तेच बोललं तेव्हा ते सोसलं नाही.

बारावीनंतर मी नागपूरला निघाले. तुमची ड्यूटी होती, म्हणून मी तुमच्याबरोबर साकोलीला येऊनच गाडी धरली, आणि मला बसवून तुम्ही केबिनमध्ये गेलात. मला वाटलं, एवढंच. मग भोंग्यातून आवाज आला: लाखनी, भंडारा मार्गे नागपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे. तिथे थांबायला हवं होतं, रोज तिथेच थांबायचात. त्या दिवशी पुढे म्हणालात, "पहिल्यांदा घराबाहेर निघालेल्या प्रवाशांनी काळजी करू नये. मार्ग मोकळा आहे." शेजारची बाई मला म्हणाली, "आज काय नवीनच सांगून राह्यले वो?" मी तोंड खिडकीकडे केलं. तुम्ही मला घड्याळ दिलं, बॅग दिली, सगळं दिलंत, पण देणं म्हटलं की मला ते वाक्य आठवतं. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षांनी तुमच्या छातीत दुखायला लागलं, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, आणि मी नागपूरहून पोचले तेव्हा लाखनीच्या घरासमोर माणसं बसली होती.

आता त्या विमानाचं. अशी बिनमाणसांची विमानं आतापर्यंत आमच्याकडून क्वचित जायची, आणि जायची तेव्हा त्यांच्यासाठी आकाशाचा मोठा तुकडा बंद केला जायचा. मंत्र्याची गाडी जाताना हायवे अडवतात तसं. बाकीची सगळी विमानं वळसे घालून जायची. यावेळी ठरलं की आकाश बंद करायचं नाही. ते विमान देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाईल, प्रवासी विमानांच्या मधून, त्यांच्यासारखंच, आमचं ऐकत. कापणीच्या दिवसांत लाखनीच्या हायवेवर धानाने भरलेला ट्रॅक्टर मालगाड्यांच्या मधून चालतो ना, तसं. ते इतरांच्या मानाने फार हळू उडतं. आणि ट्रॅक्टरवाला निदान मागे वळून तरी पाहतो.

तयारीच्या बैठकीला मला बोलावलं, कारण त्या दिवशी तो पडदा माझ्याकडे असणार होता. समोर सैन्याचे अधिकारी होते, त्यात ते विमान चालवणारा वैमानिक. माझ्यापेक्षा वयाने लहान, शांत, दक्षिणेकडचा. बैठक लांबली, बरंच कौतुक झालं, आणि मग मी विचारलं, "तुमचा आणि विमानाचा संपर्क तुटला तर ते काय करेल?" त्यांच्यातले एक वरिष्ठ म्हणाले, तसं सहसा होत नाही. मी म्हटलं, झालं तर. ते म्हणाले, मग ते आधी ठरवून दिलेल्या मार्गाने जाईल. मी विचारलं, लगेच वळेल की थोडं सरळ जाऊन? डावीकडे की उजवीकडे? उंची तीच ठेवेल? खोलीत जरा चुळबूळ झाली. चहा आला होता, तो कोणी घेईना. तेव्हा तो वैमानिक म्हणाला, "नागपूरच्या टप्प्यात नेमकं काय करेल, हे मला आत्ता माहीत नाही. पाहून सांगतो." एवढ्या लोकांत, वरिष्ठ शेजारी बसलेले असताना! बाबा, त्या क्षणी मला तो माणूस आपला वाटला. दोन दिवसांनी त्याने स्वतः फोन केला. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: संपर्क तुटला तर विमान आहे त्या उंचीवर काही मिनिटं सरळ जाईल, मग डावीकडे, म्हणजे उत्तरेला वळेल आणि ठरलेल्या जागी घिरट्या घालत राहील. त्याप्रमाणे त्याने विमानाला शिकवलं, आणि मी आमच्या सगळ्यांना.

तो दिवस स्वच्छ होता. सकाळची वेळ. ठिपका पश्चिमेकडून माझ्या पडद्यावर आला आणि वैमानिकाने नमस्कार केल्यासारखं नाव सांगितलं. त्याचा आवाज विमानाकडे जाऊन तिथून माझ्याकडे येतो, त्यामुळे प्रत्येक उत्तराआधी एक पोकळी. आधी ती पोकळी खटकते, मग तिची सवय होते. मी उंची सांगितली, त्याने धरली. मी जरा वळायला सांगितलं, तो वळला. रायपूरला निघालेल्या एका लहान विमानाच्या वैमानिकाने विचारलं, "पुढे कोण आहे इतकं सावकाश?" मी म्हटलं, मानवरहित विमान आहे. तो म्हणाला, "मग त्याला माझा रामराम कोण पोचवणार?" मागे आमचे वरिष्ठ उभे होते, तेही हसले. सगळं इतकं नीट चाललं होतं.

नागपूर मागे टाकून ठिपका वैनगंगेकडे सरकला. माझ्या पडद्यावर गावं नसतात, पण मला दिसतात. पवनी, मग आसगाव, मग पुढे लाखनी. बरोबर आसगावच्या अंगाला आला तेव्हा त्याची चिठ्ठी लाल झाली. मी हाक दिली. पोकळी. पुन्हा हाक दिली. नुसती पोकळीच. तेवढ्यात बाजूचा फोन वाजला आणि त्याच शांत आवाजात वैमानिक म्हणाला, "माझा संपर्क तुटला आहे. विमान आता माझ्या हातात नाही. कधी परत येईल, माहीत नाही." मी म्हटलं, "ठीक. ठरलं तसंच धरते."

आणि नेमकं त्याच वेळी गोंदियाकडून, बरंच वरून, कोलकात्याहून मुंबईला निघालेलं प्रवासी विमान बोललं. एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या छातीत दुखतंय, घाम सुटलाय, नागपूरला उतरायचंय, आत्ता खाली यायची परवानगी द्या. खाली यायचा सरळ रस्ता त्या रिकाम्या विमानाच्या उंचीतून आणि त्याच्याच अंगावरून जात होता.

छातीत दुखतंय म्हटल्यावर मला काय काय आठवलं ते तुम्हाला सांगायला नको. मागून वरिष्ठ खाली वाकले. वाईट माणूस नाही, त्यांनीच मला हे काम शिकवलं. ते घाईने म्हणाले, "येऊ दे त्याला सरळ. याचा संपर्क येईल आता मिनिटभरात, आला की याला बाजूला काढ." माझ्या तोंडून निघालं, "सर, येईल असं वाटतं. माहीत नाही." ते थांबले. मी बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. मग ते म्हणाले, "बरोबर आहे. तू कर, मी बाकीचे पाहतो," आणि शेजारची खुर्ची ओढून माझी इतर विमानं त्यांनी स्वतःकडे घेतली, नागपूरची धावपट्टी मोकळी ठेवायला आणि डॉक्टर बोलवायला सांगितलं.

मी प्रवासी विमानाला डावीकडे वळवलं, दक्षिणेला, पवनीच्याही खालून, आणि तिकडून खाली यायला सांगितलं. त्या वैमानिकाचा आवाज तापला. "सरळ का नाही? माझ्याकडे पेशंट आहे." मी म्हटलं, "तुमच्या सरळ वाटेत एक मानवरहित विमान आहे आणि सध्या ते कोणाचंच ऐकत नाही. ते उत्तरेला वळणार आहे. तुम्हाला दक्षिणेकडून थोडा वेळ जास्त लागेल, पण वाट पूर्ण मोकळी आहे. नागपूरला तुमच्या आधी कोणी उतरणार नाही, डॉक्टरांना धावपट्टीजवळ बोलावलं आहे." मी एवढं सगळं सांगत नाही सहसा. पण त्याला नुसतं 'वळा' म्हटलं असतं तर तो वळला असता आणि काळजीत राहिला असता. तो म्हणाला, "समजलं. येतोय."

मग नुसतं पाहणं. एक ठिपका खाली खाली येतोय, दुसरा सरळ चाललाय, आपल्या घराकडे, साकोलीकडे, कोणाच्याही हातात नसलेला. फोन उघडाच होता, वैमानिकाचा श्वास ऐकू येत होता. ठरलेली मिनिटं झाली. आणि ठिपक्याची दिशा बदलली, बाबा. डावीकडे. उत्तरेला. ठरलं होतं तसं, शिकवलेलं लेकरू वळावं तसं वळलं. मी फोनवर म्हटलं, "वळलं." पलीकडे त्याने श्वास सोडला. प्रवासी विमान तोवर दक्षिणेने सुखरूप खाली आलं होतं, ते उतरलं. ते टेकल्यावर कुठे संपर्क परत आला. म्हणजे वरिष्ठांचं 'मिनिटभरात' काही खरं ठरलं नाही.

त्या प्रवाशाचं पुढे काय झालं ते आम्हाला सहसा कळत नाही. मी संध्याकाळी विमानतळाच्या डॉक्टरांना विचारलं. वेळेत दवाखान्यात पोचले, आता बोलतायत, मुलाला चष्म्याचं घर शोधायला लावतायत, असं कळलं. बिनमाणसांचं विमान पुढच्या नियंत्रकाकडे गेलं आणि दिवस मावळायच्या आत पोचलं. उतरवल्यावर वैमानिकाने फोन केला. म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी बैठकीत तुम्ही विचारलं नसतं, तर आज मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं असतं?" मी म्हटलं, माहीत नाही म्हणाला असता. तो खूप हसला. आता अशा प्रत्येक उड्डाणाआधी, कोणत्याही टप्प्यात, तो प्रश्न विचारला जातो आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय विमान निघत नाही.

पुढच्या सुट्टीत लाखनीला गेले. आई लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होती. मी सगळं सांगितलं, हातवारे करून, अगदी ठिपका वळला तिथपर्यंत. ती झारा हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यात कोनीच नव्हतं, तं तू इतकं कोनाशी बोलून राहिली होती?" मी पुन्हा समजावलं. मग ती म्हणाली, "अन् ते इमान कायले गेलं होतं तिकडं?" बाबा, मी तिच्या हातातला झारा घेतला आणि वडे उलटले. ते विमान कशासाठी बनलंय हे मला माहीत आहे. उद्या ते कोणावर नजर ठेवेल, त्याच्या पंखाखाली काय असेल, हे माझ्या पडद्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. मी ते विचारत नाही असंही नाही, पण मला मिळालेलं काम एवढंच आहे की आपल्या डोक्यावरून ते कोणालाही न दुखवता जावं. तेवढं मी केलं आणि चांगलं केलं. असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं तुमच्या घरात चालत नव्हतं. तरी म्हणते. चांगलं केलं.

मागच्या महिन्यात दिल्लीला बोलावलं होतं, बाकीच्या नियंत्रकांना हे सगळं शिकवायला. मोठा हॉल, टाळ्या, शाल. तिकीट विमानाचं देत होते. मी रेल्वेने गेले आणि सगळ्यांना सांगितलं की मला गाडीतून शेतं पाहायला आवडतात. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मला विमानात बसायची भीती वाटते. कामासाठी दोनदा बसावं लागलं, दोन्ही वेळा उतरेपर्यंत डोळे मिटून, शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून.